गोलोकातला शाप, गोकुळातली राधा

पौराणिक मालिकेची गोष्ट प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. रावण मरणार, पांडव जिंकणार, कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला जाणार, हे कुणापासूनच लपलेले नाही. म्हणून अशा मालिकेत लेखकाचे स्वातंत्र्य शेवटापेक्षा सुरुवातीत जास्त असते. कथा कुठून उचलायची, पहिला प्रश्न कोणता विचारायचा, पहिला निर्णय कुणाला घ्यायला लावायचा, यातून त्याची भूमिका कळते. २ ऑक्टोबर १९८८ रोजी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ सुरू झाले, तेव्हा हरीश भिमाणींच्या आवाजात प्रत्यक्ष काळ बोलू लागला आणि पहिल्याच भागात राजा भरताने आपल्या मुलांना बाजूला ठेवून भुमन्यूला युवराज नेमले. संवादलेखक राही मासूम रझा यांच्या त्या मांडणीत मोठे शहाणपण होते. राज्य जन्माने मिळावे की लायकीने, हा कुरुकुळाला पुढे जाळून टाकणारा प्रश्न तिथेच मांडला गेला, आणि तो एका माणसाच्या निर्णयातून मांडला गेला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १ ऑक्टोबर २०१८ रोजी, स्टार भारत वाहिनीवर ‘राधाकृष्ण’ सुरू झाली. तिची सुरुवात मात्र एका शापाने झाली. तो शाप तिथे का आला, त्याने काय साधले आणि त्याची किंमत कुणी मोजली, याचा विचार करण्यासारखा आहे. कारण राधेच्या प्रेमाविषयी आजच्या पिढीची जी समजूत झाली आहे, तिच्यातला मोठा वाटा या मालिकेचा आहे.

सिद्धार्थ कुमार तिवारी यांच्या स्वस्तिक प्रॉडक्शन्सची ही निर्मिती. याच संस्थेने २०१३ मध्ये स्टार प्लससाठी नवे ‘महाभारत’ उभे केले होते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या, गुजरातमधल्या उंबरगावला त्यांचे भव्य सेट आहेत. रामानंद सागरांचे ‘रामायण’ही उंबरगावलाच चित्रित झाले होते. ‘राधाकृष्ण’मध्ये पुण्याचा सुमेध मुदगलकर कृष्ण झाला आणि जम्मूची मल्लिका सिंह राधा. २०२३ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, मालिका चालली आणि तिचे अकराशेच्या वर भाग झाले. रोज चालणाऱ्या मालिकेला एवढे आयुष्य लाभते तेव्हा तिच्या पायाचा दगड कसा बसवला होता हे पाहावेच लागते. तो दगड बसवला गेला गोलोकात. पृथ्वीवर अजून काहीच घडलेले नाही. वर, सगळ्या लोकांच्याही पलीकडच्या त्या लोकात, संगणकाने रंगवलेल्या प्रकाशात राधा आणि कृष्ण कायमचे एकत्र आहेत. तिथे श्रीदामा हा कृष्णाचा परमभक्त आहे. आपल्या आराध्याच्या नावाआधी राधेचे नाव का घ्यायचे, भक्तीपेक्षा प्रेम मोठे कसे, हे त्याला पटत नाही. त्या सलातून तो राधेला शाप देतो. तिला पृथ्वीवर जन्म घ्यावा लागेल, कृष्णाचा विसर पडेल आणि शंभर वर्षांचा वियोग सोसावा लागेल. त्यानंतर पृथ्वीवर जे काही घडते ते या शापाच्या कक्षेत घडते.

लेखकाच्या बाजूने पाहिले तर ही रचना फार उपयोगाची आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवे. राधाकृष्णांवरच्या कोणत्याही दीर्घ कथेपुढे एक अवघड प्रश्न असतो: एवढे प्रेम होते तर त्यांचे लग्न का झाले नाही? मथुरा गोकुळापासून किती दूर? कंस मेल्यावर कृष्ण परत का आला नाही? देशभरच्या घरांत, आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे एकत्र बसून बघणार असतील, तर पहिल्या आठवड्यातच या प्रश्नाला उत्तर देऊन मोकळे होणे निर्मात्याला बरे वाटणार. शाप ते उत्तर एका फटक्यात देतो. कृष्णाने राधेला सोडले असे म्हणायची पाळी येत नाही, राधेने लोकलाज सोडली असेही म्हणावे लागत नाही. वियोग आधीच ठरला होता, दोघांनी तो फक्त भोगला. शिवाय विसर पडल्यामुळे रोज एक धागा ताणता येतो: राधेला आज आठवेल का, उद्या आठवेल का? शेवट माहीत असलेल्या गोष्टीत उत्कंठा निर्माण करण्याचा हा हमखास मार्ग आहे आणि ‘राधाकृष्ण’च्या लेखकांनी तो कौशल्याने वापरला.

मात्र या सोयीची किंमत राधेला द्यावी लागते. शापापासून सुरू झालेल्या कथेत राधा प्रेम करत नाही, तिच्याकडून ते करवून घेतले जाते. तिचे गोकुळात येणे तिचे नाही, तिचा विसर तिचा नाही, विरहही तिचा नाही, आणि कृष्णाकडे ओढले जाणे म्हणजे विसरलेले पुन्हा आठवणे. नव्याने काही घडण्याची शक्यताच उरत नाही. एका गवळ्याच्या पोरीने घरदार, नणंद-सासू, गावाची नजर हे सगळे दिसत असताना, हे प्रेम कुठे नेईल हे ठाऊक नसताना पाऊल उचलले, यात जे धाडस आहे तेच राधेचे राधापण आहे. शाप ते धाडस काढून घेतो. आणि ज्या मालिकेची घोषणा भक्तीपेक्षा प्रेम मोठे अशी आहे, तिच्या दृष्टीने तर हे फारच मोठे नुकसान आहे. कारण भक्त रागावला आणि त्याच्या शब्दाने प्रेमाचे पुढचे शंभर वर्षांचे वेळापत्रक ठरले, तर प्रत्यक्ष कथेत सत्ता कुणाची चालली? वादात प्रेम जिंकते, पण घटना शापच घडवतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे मालिकेने मनाने रचलेले नाही, पुराणात आहे. बरोबर आहे. ब्रह्मवैवर्तपुराणाच्या श्रीकृष्णजन्मखंडात श्रीदाम्याचा शाप आहे, शंभर वर्षांचा वियोगही आहे. पण पुराणातली ही कथा नीट वाचली तर मालिकेने तिच्यातले काय घेतले आणि काय सोडले हे दिसते. पुराणात भांडणाचे मूळ वेगळे आहे. गोलोकात कृष्ण विरजा नावाच्या गोपीपाशी असतो. राधेला ते कळते, ती संतापून तिथे जाते, तोवर कृष्ण अदृश्य होतो आणि विरजा भीतीने नदी होऊन वाहू लागते. पुढे राधा कृष्णाला स्पष्ट शब्दांत बोल लावते. श्रीदामा आपल्या स्वामीची बाजू घेऊन मध्ये पडतो, राधा त्याला असुर होण्याचा शाप देते आणि तो उलट राधेला मानवी जन्माचा व वियोगाचा शाप देतो. म्हणजे पुराणातल्या राधेला आधी राग आहे, मत्सर आहे, जाब विचारण्याचा हक्क आहे आणि शाप देण्याची ताकदही आहे. तिथला शाप प्रेमातल्या एका खऱ्या भांडणाचा परिणाम आहे. मालिकेच्या सुरुवातीला हेच भांडण भक्ती श्रेष्ठ की प्रेम श्रेष्ठ अशा तात्त्विक वादावर उभे राहते. त्यामुळे राधा भांडणातली एक बाजू राहत नाही, ती वादाचा विषय होते. पुराणाचा आधार घेऊन पुराणातल्या राधेपेक्षा अधिक शांत, अधिक सोशिक राधा उभी केली गेली. शिवाय याच पुराणात पुढे असाही प्रसंग आहे की नंद लहानग्या कृष्णाला घेऊन भांडीरवनात असताना वादळ येते, राधा तिथे येते, नंद मूल तिच्या हाती देतो, आणि मग कृष्ण तरुण रूप घेतो व ब्रह्मदेव स्वतः दोघांचे लग्न लावतो. एका ग्रंथात शापही आहे आणि विवाहही आहे. तेव्हा ग्रंथात आहे एवढ्याने सुरुवातीची निवड ठरत नाही. निवड करणाऱ्याने ती केलेली असते आणि तिची जबाबदारी त्याचीच असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शाप हे आपल्या साहित्यातले जुने साधन आहे, कालिदासानेही ते वापरले, मग मालिकेलाच दोष का? हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर कालिदासाकडेच आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या आख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. तिथला दुष्यंत तिला ओळखतो आणि ओळखूनही भर दरबारात नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर तिला स्वीकारतो आणि लोकांचा संशय दूर व्हावा म्हणून असे केले, असे सांगतो. कालिदासाला हा राजा नायक म्हणून हवा होता, म्हणून त्याने दुर्वासाचा शाप आणला. शापाचे पहिले काम माफी मिळवून देणे हेच असते. पण कालिदासाने तो आणला कुठे? चौथ्या अंकात. त्याआधीचे तीन अंक पूर्णपणे त्या दोघांचे आहेत. झाडाआडून पाहणे, भुंग्याचा बहाणा, पायात काटा रुतल्याचे निमित्त करून मागे वळणे, कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिणे, यातले काहीही वरून ठरलेले नाही. आणि शाप तरी का मिळतो? शकुंतला प्रेमात इतकी बुडालेली असते की दारात आलेल्या ऋषीची हाक तिला ऐकू येत नाही. ‘विक्रमोर्वशीय’मध्ये तर हे आणखी ठळक आहे. स्वर्गात भरतमुनींचे नाटक चाललेले असते, उर्वशी लक्ष्मीची भूमिका करत असते. तुझे मन कुणावर आहे, असे विचारल्यावर ती पुरुषोत्तमाऐवजी पुरूरव्याचे नाव घेऊन बसते. त्या चुकीबद्दल शाप मिळतो आणि ती पृथ्वीवर येते. दोन्ही नाटकांत प्रेम आधी आहे आणि शाप प्रेमातून जन्मला आहे. ‘राधाकृष्ण’मध्ये पृथ्वीवरचे प्रेम शापातून जन्म घेते. साधन एकच, पण त्याची जागा बदलली की कथेचा अर्थ पालटतो.

राधेची साहित्यातली पहिली पावले पाहिली तर हा फरक आणखी उमटून दिसतो. हरिवंशात आणि विष्णुपुराणात राधा नाही. भागवताच्या दशम स्कंधात रासाचे पाच अध्याय आहेत, तिथे कृष्ण एका गोपीला इतरांपासून वेगळी घेऊन जातो, पण तिचे नाव दिलेले नाही. राधेचे नाव घेणाऱ्या अगदी जुन्या रचनांपैकी एक आहे हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे आपल्या पैठणच्या परंपरेत, महाराष्ट्री प्राकृतात. त्या गाथेत काय घडते? गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ राधेच्या चेहऱ्यावर बसली आहे आणि कृष्ण ती तोंडाने फुंकर घालून उडवतो आहे. एवढेच. आणि ते बघणाऱ्या इतर गवळणींचा तोरा तिथल्या तिथे उतरतो. गोलोक नाही, अवतार नाही, कुठला करार नाही. संध्याकाळी गुरे परत येण्याची वेळ, एक तरुण, एक तरुणी, आणि आजूबाजूला सगळे टिपणाऱ्या बायका. धुळीच्या निमित्ताने तो जवळ आला हे सगळ्यांना कळले आहे, ती मागे सरली नाही हेही कळले आहे. दोन ओळींच्या त्या गाथेत राधेची निवड पूर्ण झालेली आहे. बाराव्या शतकात लक्ष्मणसेनाच्या आश्रयाला असलेल्या जयदेवाने ‘गीतगोविंद’ रचले, तेव्हाही त्याने आरंभासाठी याच पातळीवरचा प्रसंग घेतला. आभाळ भरून आले आहे, अंधार पडतो आहे, मूल घाबरते आहे. तेव्हा राधे, तूच याला घरी पोचव, असे नंद सांगतो. ती दोघे निघतात आणि वाटेत यमुनेकाठी त्यांचे प्रेम सुरू होते. वडीलधाऱ्याने सोपवलेल्या साध्या कामातून ते पुढे सरकते. भांडीरवनाचा प्रसंगही हाच, पण तिथे ब्रह्मदेव येऊन लग्न लावतो आणि जयदेवाने मात्र कुणालाही येऊ दिले नाही.

मराठी माणसाला ही राधा परकी नाही. तमाशाचा आरंभच तिच्यापासून होतो. गण झाला की गौळण. मग बतावणी, मग वग. गौळणीत राधा आणि तिच्या सख्या दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, पुढे मावशी असते, कृष्ण पेंद्याला घेऊन वाट अडवतो, दाण मागतो, आणि मग सवाल-जवाब रंगतो. इथे गवळणींना जीभ आहे. त्या हुज्जत घालतात, टोमणे मारतात, कृष्णाला त्याच्या आईकडे गाऱ्हाणे नेण्याची धमकी देतात, आणि शेवटी वाट मोकळी कशी करून घ्यायची ते स्वतः ठरवतात. एकनाथांच्या गौळणींतही प्रेमाने वेडावलेली राधा आहे, तिचे भान हरपते, घरकामात घोळ होतात. पण ते वेड तिने जगलेले आहे, कुणी तिच्यावर लादलेले नाही. पंढरपूरची स्थळकथा तर राधेच्या निमित्तानेच सुरू होते. द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसलेली, रुक्मिणी आली तरी ती उठली नाही. रुक्मिणीला ते लागले आणि ती रुसून दिंडीरवनात निघून आली. तिला शोधत कृष्ण आला, पुंडलिकाच्या दारी थांबला तो थांबलाच. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये या कथांच्या मुळाशी जाऊन शोध घेतला आहे. त्या शोधाचे निष्कर्ष कुणाला पटोत वा न पटोत, कथेची ठेवण विलक्षण आहे. आजही पंढरपुरात रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळे आहे, आणि त्याच मंदिरात राहीला, म्हणजे राधेलाही, जागा आहे. आपल्या या सर्वांत मोठ्या दैवताच्या कथेचा उगम एका रुसव्यात आहे. रुसवा आणि शाप यांत मोठा फरक आहे. रुसणारी स्वतः निघून जाते. शापित व्यक्तीला घालवले जाते.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येतो. देवांच्या प्रेमाला माणसाच्या निवडीचे माप लावणेच चूक, असे श्रद्धावंत म्हणतील. राधा आणि कृष्ण एकच तत्त्व आहे, ते नित्य एकत्र आहेत, म्हणून कथा नित्यधामातून सुरू करणे हेच योग्य. याला ब्रजातल्या रासलीलेचा भक्कम आधारही देता येईल. वृंदावनच्या रासमंडळींत आधी सिंहासनावर राधा-कृष्णाची स्वरूपे विराजमान होतात, त्यांची आरती होते, लोक त्या मुलांच्या पाया पडतात, मग नित्यरास होतो आणि त्यानंतरच त्या दिवसाची लीला सुरू होते. म्हणजे आधी वरचा लोक, नंतर खालची गोष्ट, हा क्रम परंपरेचाच आहे. मान्य. पण नित्यरासात आणि गोलोकातल्या शापात एक मूलभूत फरक आहे. नित्यरास कशाचेही कारण सांगत नाही. तो आनंद दाखवतो आणि बाजूला होतो. नंतर येणारी माखनचोरी असो, दानलीला असो की मानलीला, ती स्वतःच्या बळावर घडते. आधीचा रास झाला म्हणून ती झाली असे कुणी म्हणत नाही. मालिकेतला गोलोक मात्र खालच्या प्रत्येक घटनेचे कारण बनून बसतो. शिवाय वैष्णव आचार्यांनीच या धोक्याचा विचार केलेला आहे. योगमाया इतकी प्रभावी असते की लीलेत कृष्णालाही आपण ईश्वर असल्याचे भान राहत नाही, असे गौडीय परंपरा मानते. ऐश्वर्य झाकले गेले तरच माधुर्य अनुभवता येते, हा त्या विचाराचा गाभा आहे. यशोदा कृष्णाला उखळाला बांधते ते तो देव आहे हे तिच्या मनात नसते म्हणून. भक्तीच्या शास्त्रानेच जे झाकायला सांगितले ते पहिल्याच दृश्यात उघडे करणे, मग बाकीच्या मालिकेत पुन्हा पुन्हा आठवून देणे, हे त्या शास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही.

घराघरात बघितल्या जाणाऱ्या मालिकेची मर्यादा हाही मुद्दा पुढे केला जातो. परस्त्री, परपुरुष असा विषय. लहान मुले समोर बसलेली. तेव्हा शापाची चौकट असलेली बरी. ही काळजी खोटी नाही, पण नवीही नाही. भागवतात रास संपता संपता परीक्षिताने नेमके हेच विचारले आहे: धर्म राखण्यासाठी अवतरलेल्याने दुसऱ्यांच्या स्त्रियांशी असे वागावे हे कसे? शुकाचार्यांनी प्रश्न दाबला नाही, उत्तर दिले. रूप गोस्वामींनी ‘उज्ज्वलनीलमणी’त परकीया भावाला स्थान दिले, जीव गोस्वामींनी स्वकीया पक्षाच्या बाजूने युक्तिवाद केला, आणि हा वाद इतका पेटत राहिला की अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या जयपुरात तो पुन्हा उभा राहिला व बंगालपर्यंत पोचला. ज्या परंपरेत पंडित दोनशे वर्षे या प्रश्नावर भांडले, तिने तो प्रश्न जिवंत ठेवला. आणि लोकप्रिय माध्यमाने त्याला कधी हातच लावला नाही असेही नाही. १९३८ मध्ये प्रभातने दामले-फत्तेलालांच्या दिग्दर्शनाखाली ‘गोपाळकृष्ण’ काढला. राम मराठे कृष्ण आणि शांता आपटे राधा. ती राधा विवाहित होती, गावात बोलणारी, गाणारी, कृष्णावर जीव टाकणारी होती. मराठी घरांनी तो चित्रपट मुलाबाळांसह पाहिला. तेव्हाच्या प्रेक्षकाला जे पेलले ते आजच्या प्रेक्षकाला पेलणार नाही असे मानणे हा प्रेक्षकावरचा अविश्वास आहे.

‘राधाकृष्ण’ने जे चांगले केले तेही इथेच सांगायला हवे, कारण ते याच शापातून निघाले आहे. राधेला विसर पडतो, कृष्णाला पडत नाही. त्यामुळे विरहाचे ओझे उलटे होते. मध्ययुगातल्या पदांमध्ये तो गेला आणि ती जळत राहिली, असेच चित्र बहुतेक वेळा दिसते. इथे समोर ती आहे, तिला काही आठवत नाही, आणि सगळे आठवणारा तो वाट बघतो आहे. सुमेध मुदगलकर नृत्यातून पुढे आलेला अभिनेता. नृत्यस्पर्धांच्या कार्यक्रमांतून तो आधी लोकांना ठाऊक झाला होता. त्यामुळे मान किंचित कलवून थांबण्यात, ओळख दाखवायची नाही म्हणून चेहऱ्यावर हसू ठेवून नजर वळवण्यात त्याने जे केले ते संवादांपेक्षा बोलके होते. देव माणसाकडून ओळखला जाण्याची वाट पाहतो, ही कल्पना खोल आहे, आणि मालिकेने तिच्यावर विश्वास ठेवून फक्त तिथेच काम केले असते तर शापाचीही गरज पडली नसती. ब्रजातल्या एका लोककथेत राधा जन्मल्यावर डोळे उघडतच नाही. कृष्णाला तिच्यासमोर आणल्यावर पहिल्यांदा उघडते. वाट पाहणे तिथेही आहे, पण पाहायचे की नाही ते तिने ठरवले आहे. मालिकेने त्या मौनाच्या जागी उपदेश भरला. कृष्ण प्रेक्षकांकडे बघून प्रेम म्हणजे काय, मोह म्हणजे काय, त्याग म्हणजे काय हे समजावून सांगतो, ते छोटे तुकडे लोकांच्या फोनवर स्टेटस म्हणून फिरत राहिले आणि कित्येकांना त्यांतून खरा दिलासा मिळाला असेल. तरीही जिथे प्रेमाची व्याख्या रोज सांगावी लागते तिथे ते घडताना दिसण्याला कमी जागा उरते. पहिल्या आठवड्यात प्रेमाचे कारण देऊन टाकल्यावर पुढे हेच होणार होते: कारण सांगितले की ते समजावत राहावे लागते.

फाळक्यांनी १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ केला, तेव्हा आरंभी त्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा प्रेक्षकांपुढे ठेवला. एकामागून एक भाव दाखवणारी ती लहान मुलगी आधी स्वतः म्हणून दिसते आणि मग तिच्यातून कृष्ण उभा राहतो. माणसापासून देवाकडे जाण्याचा हा रस्ता आपल्या पडद्याला अगदी पहिल्यापासून ठाऊक होता. संगणकाने आज कोणताही लोक उभारता येतो, म्हणून वरून खाली येणे सोपे झाले आहे. पण राधेच्या गोष्टीला वरच्या लोकाची गरज कमी आणि वेळेची, धुळीची, शेजारणींच्या नजरेची गरज जास्त आहे. रोज अर्धा तास आणि चार वर्षे हाताशी असलेल्या माध्यमाइतका या गोष्टींना अवकाश दुसरे कोण देऊ शकणार?

शंभर वर्षांच्या मुदतीचा आणखी एक परिणाम कथेच्या दुसऱ्या टोकाला होतो. मुदत ठरली की भेट ही सुटकेची तारीख होते. ती येणारच असते. भागवतात अशी तारीख नाही. सूर्यग्रहणाच्या पर्वणीला कुरुक्षेत्रावर देशोदेशीचे लोक जमतात, द्वारकेहून यादव येतात, व्रजातून नंद, यशोदा आणि गोपी येतात, आणि तिथे त्यांची कृष्णाशी गाठ पडते. या भेटीचे कुणी कुणाला वचन दिलेले नाही, कुठलाही शाप संपलेला नाही. तो आता राजा आहे, राण्या बरोबर आहेत, आजूबाजूला हत्ती-घोडे आहेत, आणि व्रजातल्या बायका त्याच्यापुढे उभ्या आहेत. चैतन्य महाप्रभूंना पुरीच्या रथयात्रेत हाच प्रसंग दिसत असे: जगन्नाथाचा रथ गुंडिचा मंदिराकडे निघाला की त्यांच्या लेखी व्रजातले लोक कृष्णाला कुरुक्षेत्राहून परत वृंदावनाला ओढून नेत असत. रथाचा दोर त्यांच्या हातात आहे, तो यायला तयार आहे की नाही हे त्यांना माहीत नाही, आणि तरीही ते ओढत आहेत. राधेवरची पुढची मालिका कधीतरी येईलच. तिच्या लेखकाने पहिला भाग लिहिण्याआधी ही गर्दी, हा दोर आणि हे माहीत नसणे पुढ्यात ठेवावे.